सरांनी पाहिलेली तीन चर्च

पांढुर्ण्यात श्रीकांत सरांना न ओळखणारा माणूस शोधायचा, तर तो कालपरवा बदली होऊन आलेला सरकारी नोकरच असावा लागेल. चौतीस वर्षं त्यांनी एकाच शाळेत इतिहास शिकवला. आज गावात जे मेडिकलवाले, मोबाईलवाले, पटवारी आणि नगरसेवक म्हणून मिरवतात, त्यांतल्या निम्म्यांच्या कानाला सरांचा हात लागलेला आहे. शिवाय सर फटकळ. गोटमारीच्या दिवशी जाम नदीच्या अलीकडे पांढुर्णा आणि पलीकडे सावरगाव एकमेकांवर मारायला दगड घेऊन उभं राहतं, तेव्हा भर चौकात उभं राहून "अरे, माणसं आहात की कोण?" असं गावाला सुनावणारे एकटे सरच. दर वर्षी सुनावतात आणि दर वर्षी कोणी ऐकत नाही. पण "सर खरं बोलतात बापा" एवढं सगळे मान्य करतात. घर बांधलं नाही, वावर घेतलं नाही, गावात नाव मात्र कमावलं.

मागच्या उन्हाळ्यात सर आणि नलिनीबाई लेकीकडे जर्मनीला जाऊन आले. आल्यापासून जो भेटेल तो विचारतो, आणि सर सांगतातही. तिथल्या गाड्या, तिथली शिस्त, नळाचं पाणी थेट पिता येतं, दुकानं रविवारी बंद. पण कोणी "सर, चर्चचे फोटो दाखवा ना" म्हटलं की सर चष्मा शोधायला लागतात, आणि तो चष्मा काही सापडत नाही. इतिहासाचा मास्तर युरोपात जाऊन आला आणि चर्चबद्दल अवाक्षर काढत नाही, याचं लोकांना नवल वाटतं. नवल वाटण्यासारखंच आहे, कारण सर गेले होते मुळात त्यासाठी.

आठवीच्या जुन्या पुस्तकात मध्ययुगीन युरोपचा एक धडा होता आणि त्यात एका कॅथेड्रलचा फोटो होता. छपाई इतकी काळी की वर आकाश कुठलं आणि खाली इमारत कुठली हे शिक्षकानंच बोट ठेवून सांगायचं. सर फळ्यावर खडूनं टोकदार कमान काढत, तिच्यावर छताचं वजन कसं तोललं जातं ते समजावत, आणि दर वर्षी एखादं वात्रट पोरगं विचारायचंच, "सर, तुम्ही पाह्यलं काय?" सर म्हणायचे, "पाहीन." चौतीस वर्षं पाहीन पाहीनच चाललं होतं.

लेक धनश्री रेगेन्सबुर्ग नावाच्या गावात नोकरीला लागली, तेव्हा सरांनी सगळ्यात आधी नकाशा उघडला. डॅन्यूब नदीच्या काठचं जुनं गाव, आणि पायी फिरता येईल एवढ्या अंतरात चर्चच चर्च. तिकीट निघालं ते मे महिन्याचं. जावई मयूर कामासाठी दुसऱ्या शहरी गेलेला होता आणि धनश्रीला रजा मिळत नव्हती. दोन आठवडे दोघं नवराबायको चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून रस्ता पाहत बसले. मग एका संध्याकाळी धनश्री नाचतच घरी आली. "बाबा, बुधवारी सुट्टी भेटली! बुधवारी फक्त चर्च. घाई नाही, गडबड नाही, तुम्हाला वाटेल तितका वेळ बसा."

पण नलिनीचा अर्धा जीव पांढुर्ण्याजवळच्या सौसरला होता. तिथे तिची मोठी बहीण विजयमाला अंथरुणाला खिळून होती. या दोघींना भाऊ नाही. आई लवकर गेली, आणि नऊ वर्षांनी मोठ्या विजयमालानंच नलिनीला न्हाऊमाखू घातलं, शाळेत पाठवलं, तिचं लग्नही जुळवलं. नलिनी तिला 'बाई' म्हणते. दुखणं वाढलं तेव्हा नलिनी तिकीट रद्द करायला निघाली होती. बाईनंच पडल्या पडल्या दम दिला, "जाय वं तू! पोरगी बोलावून राहिली अन् तू इथी माह्या उशाशी बसतं का? मी काही पळून नाही जात." म्हणून नलिनी आली. रोज सकाळी उठली की चहाच्याही आधी सौसरला फोन.

बुधवारी सकाळी साडेसहाला सरांचा मोबाईल थरथरला. सर गॅलरीत उभे होते. फोन विजयमालाच्या मुलाचा होता.

"मावसाजी, विनोद बोलून राहिलो." एवढ्या आवाजावरूनच सरांना कळलं. "आई गेली. सकाळी सहाले, झोपेतच गेली. मावशीले द्या ना फोन. लुगड्याचं विचारायचं होतं."

आमच्याकडे बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचा कपडा माहेरचा घालतात. आता लुगडं कोणी नेसत नाही, साडीच असते, पण शब्द लुगड्याचाच चालतो. सासरी कितीही संसार केला, लेकी-सुनांनी कपाटं भरली, तरी जाताना माहेरचं वस्त्र अंगावर हवं. ते येईपर्यंत माणसं थांबतात. विजयमालाचं माहेर म्हणजे एकटी नलिनी.

"ती आंघोळ करून राहिली," सर म्हणाले. नलिनी आतल्या खोलीत पांघरूण घेऊन झोपलेली त्यांना तिथूनच दिसत होती. सरांचं त्या दिवसातलं हे पहिलं खोटं.

"मंग काय करू, मावसाजी?"

"आमच्या घराची चावी शेजारच्या वैशालीजवळ आहे. कपाटाच्या वरच्या कप्प्यात नव्या साड्या असतात. त्यातली एक कोरी पाहून घेऊन जाय. मावशीच्या नावानं घाल."

"बरं. बोरगाववरून माह्या चुलतभावाले, भूपेंद्रले पाठवतो गाडीनं. चारले काढून राहिलो. ऊन लय हाय, जास्त ठेवता येत नाही. त्याच्या आंधी मावशीले व्हिडिओवर तोंड दाखवतो."

"मी सांगतो तिले," सर म्हणाले. "तू नको लावू फोन, अन् दुसऱ्या कोणाले बी लावू देऊ नको. मीच लावतो."

सौसरचे चार म्हणजे इथले साडेबारा. सर इतिहासाचे असले तरी एवढं गणित त्यांना येत होतं. सहा तास होते.

आत जायचं, तिच्या खांद्याला हात लावायचा आणि सांगायचं, एवढंच काम होतं. सर गॅलरीतल्या खुर्चीवर बसले आणि विचार करू लागले, आणि तिथेच चुकलं. परतीचं तिकीट महिन्यानंतरचं. तातडीनं निघालं तरी नलिनी चारच्या आत काही सौसरला पोचत नाही. मग सकाळी सांगितलं काय आणि दुपारी सांगितलं काय? या चार भिंतींत ती रडत बसणार, पोरीची एकुलती एक रजा मातीत जाणार. एखादं चर्च पाहून होऊ दे, मन जरा मोकळं असेल, तेव्हा हळूच सांगू. साडेबाराच्या आत सांगितलं म्हणजे झालं. असा सगळा मायेचा हिशोब त्यांनी मांडला. त्यात एक ओळ त्यांनी स्वतःलाही मोठ्यानं वाचू दिली नाही. ती ही, की मला चर्च पाहायची आहेत.

नलिनी उठली आणि डोळे चोळतच तिनं विचारलं, "बाईचा फोन?"

"विनोदचा मेसेज होता. रातभर झोप नव्हती म्हणे, आता कुठं लागली. उठवू नको म्हणतो." झोपलीच आहे, हे काही अगदी खोटं नाही, असंही सरांच्या मनात येऊन गेलं. नंतर त्या विचाराची त्यांना शिसारी आली.

नलिनीचा मोबाईल स्वयंपाकघरात चार्जरला लावलेला होता. निघताना ती तो विसरून पायऱ्या उतरू लागली, आणि सरांना तो ओट्यावर दिसला होता. त्यांनी दार ओढून घेतलं.

पहिलं चर्च आयर्लंडहून आलेल्या साधूंनी बांधलेलं. त्याच्या जुन्या दाराला आता काचेचं घर केलेलं आहे, पाऊस-वाऱ्यानं दगड झिजू नये म्हणून. दारावर सिंह, साप, मगर, मत्स्यकन्या आणि कोण कोण कोरलेले. "नऊशे वर्षं होत आली," सर म्हणाले, "आपल्याकडे तेव्हा यादव होते." बोलता बोलता त्यांना शाळेचा सूर सापडला. नलिनी वर पाहत म्हणाली, "अन् एवढ्या वर्षांत एकाचं बी नाक नाही तुटलं?"

"इथं गोटमार होत नाही ना!" सर म्हणाले.

नलिनी इतकी हसली की काचेपलीकडची एक गोरी म्हातारी वळून हसली. धनश्रीही हसली. सरही हसले, आणि हसताना त्यांच्या लक्षात आलं की बहीण जाऊन आठ तास होत आलेल्या बाईला आपण हसवतो आहोत.

आत एका कोपऱ्यात लोखंडी घोडीवर छोट्या मेणबत्त्या जळत होत्या. "हे काय नवस बोलाचं ठिकाण हाय का वं?" नलिनीनं लेकीला विचारलं. धनश्रीनं सांगितलं, डब्यात नाणं टाकायचं, मेणबत्ती लावायची आणि मनातलं मागायचं. नलिनीनं चप्पल काढली. लेक म्हणाली, "आई, इथं चप्पल चालते." नलिनी म्हणाली, "त्यांच्यात चालत असन, माह्यात नाही चालत." मेणबत्ती लावून तिनं पदर डोक्यावर घेतला आणि सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाली, "जामसांवलीच्या मारुतीले सांगूनच आली मी. तुह्याही कानावर टाकून ठेवते. माह्या बाईले उठून बसव."

सर खांबाकडे पाहत राहिले. पावणेअकरा झाले होते. पुढच्या चर्चमध्ये सांगायचं, त्यांनी ठरवलं.

पुढचं चर्च म्हणजे मोठं कॅथेड्रल. दोन टोकदार मनोरे, आणि बाहेरून पाहतानाच मान दुखावी इतकी उंची. आत गेल्यावर आधी काहीच दिसेना, इतका अंधार. मग डोळे सरावले आणि सरांनी वर पाहिलं. चौतीस वर्षं खडूनं काढलेली ती कमान तिथे होती. एक नाही, एकापुढे एक. खांब जमिनीतून निघून सरळ वर गेलेले आणि वर जाऊन एकमेकांना टेकलेले. खिडक्यांच्या रंगीत काचांतून लाल-निळा उजेड खाली फरशीवर पडलेला. पुस्तकातल्या त्या काळ्या फोटोत हे काही नव्हतं. आपण पोरांना किती कमी सांगितलं, असं वाटून सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते बाकावर बसले. किती वेळ बसले याचं त्यांना भान राहिलं नाही. नलिनी आणि धनश्री एका हसऱ्या देवदूताच्या पुतळ्यापाशी उभ्या होत्या. "हा तं आपल्या विनोदावानी दात काढून हासून राहिला," नलिनी म्हणाली, "काढ वं फोटो, बाईले दाखवीन." मग तिनं दुसरी मेणबत्ती लावली. सरांना हे सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं, आणि तरीही ते सुखात होते. सौसर, विनोद, चार वाजता, काहीच आठवत नव्हतं. त्या दिवशी त्यांनी जे जे केलं त्यात सगळ्यात जास्त हेच त्यांना आजही खातं. खोटं बोलले ते भीतीनं बोलले म्हणता येईल. पण तेवढा वेळ ते खरोखर आनंदात होते, त्याला काय म्हणायचं?

भानावर आले तेव्हा बाराला पाच कमी होते. मोबाईलवर विनोदचा मेसेज होता: "मावसाजी, मावशीले सांगितलं का? लुगडं आलं. थांबलो आहो."

सर उठून नलिनीजवळ गेले. ती शेवटच्या बाकावर पाय सोडून बसली होती, मांडीवर हात मोकळे. "नलू," ते म्हणाले.

तिनं वर पाहिलं. चेहरा इतका निवांत की सरांना ती लग्नाच्या वर्षातली वाटली. "अहो, किती वर्षांनं मी अशी काहीच न करता बसली," ती म्हणाली. "बाईले बरं वाटलं की तिले घेऊन येऊ का एक डाव? खर्च झाला तं झाला."

"पाणी पाहिजे का?" सरांनी विचारलं.

तिसरं चर्च जवळच होतं. बाहेरून साधं, आत मात्र जिकडे पाहावं तिकडे सोनं. छतावर चित्रं, भिंतींवर सोनेरी वेलबुट्टी आणि गुबगुबीत बाळं. "अगं माय!" नलिनी दारातच थांबली. सर पाठोपाठ आत जात होते तेवढ्यात खिशात फोन थरथरला. बाहेर येऊन पाहिलं तर विनोदचा व्हिडिओ कॉल. बारा वाजून वीस मिनिटं. तिकडे बाईला अंगणात घेतलं असेल, लुगडं अंगावर घालून चेहरा उघडा ठेवला असेल, कोणीतरी मोबाईल धरून उभं असेल. आणि इकडे आठ पावलांवर नलिनी होती. हाक मारली असती तर आली असती.

पण आता हाक मारायची म्हणजे नुसतं 'बाई गेली' सांगायचं नव्हतं. सकाळी साडेसहाला कळलं होतं, हेही सांगावं लागणार होतं. मग झोप लागल्याचं खोटं, आंघोळीचं खोटं, ओट्यावरचा मोबाईल, ती गोटमारीची थट्टा, दोन मेणबत्त्या, सगळं उघडं पडणार. सरांनी फोन कापला. मग उभ्या उभ्या मेसेज लिहिला, आणि सवयीप्रमाणे ऱ्हस्व-दीर्घ तपासून पाठवला: "व्हिडिओ नको. तिला सांगितले आहे. तिच्याने पाहवत नाही म्हणते. तुम्ही उरकून घ्या."

उत्तर आलं, "बरं मावसाजी."

कुठल्यातरी मनोऱ्यात साडेबाराचे टोले पडले. सर बाहेरच उभे राहिले. बऱ्याच वेळानं आत गेले तेव्हा नलिनी तिसरी मेणबत्ती लावत होती. पाऊण वाजला होता. "ही लेकरायच्या नावानं लाव ना, आई," धनश्री म्हणत होती. नलिनी म्हणाली, "लेकरं धडधाकट हायेत. ही बी बाईचीच." आणि आता नसलेल्या माणसाच्या तब्येतीसाठी तिनं पुन्हा हात जोडले.

त्यानंतरचा दिवस सरांना तुकड्या-तुकड्यानं आठवतो. नदीकाठी बसून डब्यातली पोळी-भाजी खाल्ली. दगडी पुलावर फोटो काढले. नलिनीनं आईस्क्रीम घेतलं आणि अर्धं सरांना दिलं. ते त्यांनी खाल्लं. सकाळी मन म्हणत होतं, जरा थांबून सांगू. दुपारी तेच मन म्हणू लागलं, आता सांगून काय उपयोग? लाज वाटायची ती वाटतच होती, पण लाज वाटून माणूस सुधारतो असं नाही, कधीकधी नुसताच आणखी गप्प होतो.

पाच वाजता घरी आले. चहा झाल्यावर सांगायचंच, असं सरांनी पक्कं केलं. नलिनीनं ओट्यावरचा मोबाईल उचलला. विनोदनं शब्द पाळला होता, सौसरचा एकही फोन नव्हता. पण शेजारच्या वैशालीला कोणी काही बजावलं नव्हतं. तिनं आवाजी मेसेज पाठवला होता. नलिनीनं बटण दाबलं आणि वैशालीचा आवाज स्वयंपाकघरात आला, "काकू, भूपेंद्र भाऊ आले होते बोरगावचे. वरच्या कप्प्यातली हिरवी साडी देल्ली त्यायले. तुम्ही तिकडं दूर, कसं होऊन राहिलं असन तुमचं. स्वतःले सांभाळा."

"कसली साडी?" धनश्रीनं विचारलं.

पोरगी शिकायला बाहेर पडली ती पडलीच, तिला कसं कळावं? पण आमच्याकडच्या कुठल्याही बाईला यापुढे एक शब्द सांगावा लागत नाही. बहिणीकडून माणूस आला आणि कपाटातली कोरी साडी घेऊन गेला. नलिनीनं मोबाईल ओट्यावर ठेवला आणि ओट्याची कड धरली.

"कवा?" तिनं सरांना विचारलं. तिला माहीत होतं की सरांना माहीत आहे.

"सकाळी. सहाले."

"तुम्हाले कवा समजलं?"

"साडेसहाले. इथल्या."

"नेलं कवा?"

"चारले. इथले साडेबारा."

नलिनी मनात काहीतरी जुळवत होती. "मंग ते सोन्याचं चर्च," ती म्हणाली. "तिथली मेणबत्ती मी आंधी लावली का मांगं?"

"मांगं," ते म्हणाले.

धनश्री रडायला लागली होती. "बाबा, माझ्या सुट्टीसाठी केलं म्हणू नका हां! मला विचारलं असतं तर मी सुट्टी फेकून दिली असती." सर तेच म्हणणार होते. आता तेही म्हणता येईना.

"हिरवी साडी," नलिनी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, हे सरांना जास्त कठीण गेलं. "ते तं बाईनंच मले देल्ली होती. इकडं यायच्या आंधी. म्हणे, पोरीच्या घरी नवी नेस. जड होती म्हून मी ठेवून आली. तिची साडी तिलेच वापस घातली तुम्ही. माहेरचं काही गेलंच नाही तिच्या अंगावर."

मग सरांना कळलं ते असं. बाईचं दुखणं पहिल्यांदा वाढलं तेव्हाच नलिनीनं एक डाळिंबी साडी घेऊन ठेवली होती. जुन्या धोतरात गुंडाळून, लोखंडी पेटीच्या तळाशी. असं बोलून दाखवत नाहीत, म्हणून नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. सकाळी फोन तिच्या हातात गेला असता तर तिनं रडत रडत का होईना, 'पेटीतली काढ' एवढं सांगितलं असतं. सरांनी वरचा कप्पा सांगितला. चाळीस वर्षांच्या संसारात घरात काय कुठं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हेही त्यांना त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं.

नलिनीनं ओट्याची कड सोडली, ती डोक्यावरून आंघोळ करून आली, आणि आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपली. सरांनी दाराशी उभं राहून सगळं सांगितलं. आंघोळीचं खोटं, झोपेचं खोटं, मोबाईल दिसूनही दार ओढलं तेही. एकच गोष्ट त्यांनी ठेवली. विनोदला पाठवलेला मेसेज. तेवढं त्यांच्या तोंडून निघालं नाही. उद्या सांगू, म्हणाले.

महिना तसाच गेला. नलिनी बोलायची, पण कामापुरतं. जेवायला वाढलं, गोळी घेतली का, खिडकी लावा. सरांनी दुसरं कुठलं चर्च पाहायचं नाव काढलं नाही, आणि तो मेसेजही सांगितला नाही. रात्रंदिवस एकच धाक होता की सौसरला गेल्यावर कोणीतरी बोलणार. त्याच्या आधी आपणच बोलावं, हे त्यांना पुरतं कळत होतं. विमानात सांगू, नागपूरला उतरल्यावर सांगू, पांढुर्ण्याला घरी गेल्यावर सांगू, असं करत करत सौसरची बस आली.

नलिनीनं डाळिंबी साडी पिशवीत घेतली होती. काय करणार होती ते तिनं सांगितलं नाही, सरांनी विचारलं नाही.

विनोदच्या घरी बैठकीत माणसं बसली होती, आतल्या दाराशी बायका. नलिनी बाईच्या फोटोपुढे बराच वेळ बसली. पिशवी तिच्या मांडीवर होती. विनोदची बायको उर्वशी डोळे पुसत म्हणाली, "मावशी, चार वाजत येईलोक थांबलो होतो आम्ही तुमच्यासाठी. मोबाईल धरून यायचे हात भरून आले. मंग मावसाजीचा मेसेज आला, का तुमच्यानं पाहवत नाही म्हून."

नलिनीनं मान वर केली.

बाईची थोरली जाऊ भिंतीला टेकून बसली होती. ती कोणाची भीड ठेवणारी नव्हती. "असं कसं वो, नलिनी?" ती म्हणाली. "पोटच्या पोरीवानी वाढवलं तुले तिनं. शेवटचं तोंड पाहाले काय झालं होतं? तुहीच वाट पाहत पडली होती ते तिथी."

दुसऱ्या एकीनं मान हलवली. तिसरी हळूच म्हणाली, "परदेशात गेलं की माणूस असाच होते."

नलिनीनं सरांकडे पाहिलं. सगळं तिला त्याच क्षणी समजलं हे सरांना दिसलं, आणि आपल्याला दिसलं हे तिलाही दिसलं. एक वाक्य बोलायचं होतं. 'तसं ती म्हणाली नव्हती, मीच लिहिलं.' बैठकीतले सगळे सरांचं तोंड पाहत होते. सरांनी तोंड उघडलं.

"हो वो," नलिनी म्हणाली, "माह्यानं नाही पाहवलं. कच्च्या काळजाची हो मी." आणि मांडीवरची पिशवी तिनं न उघडता पाठीमागे सरकवली.

थोरल्या जावेनं तोंड फिरवलं. उर्वशी चहा घेऊन आली. सरांचं तोंड अजून उघडंच होतं. त्यांनी कप घेतला, एक घोट घेतला आणि चहा चांगला झालाय म्हणाले.